सशांसाठी रिकामं केलेलं घर

सुजितला स्वस्थ बसता येत नाही, हे मोशीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाकडे चहाला गेला तरी कप खाली ठेवायच्या आत त्याचा हात त्यांच्या दाराच्या कडीकडे जाई आणि ढिला स्क्रू पिळून येई. टीव्ही बघताना तो रिमोट उघडून आतली स्प्रिंग ताणून बघे. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या हातांना मोकळं राहणं माहीत नव्हतं, आणि असे हात डोक्याला विचारत बसत नाहीत.

अर्ध्या गुंठ्यावरचं त्याचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर गच्ची, एवढंच. गेल्या दीड वर्षात ते इतक्या वेळा दुरुस्त झालं होतं की त्यात दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. राहायलाही तो एकटाच उरला होता.

बुधवारी संध्याकाळी मैत्रीचा फोन आला. मैत्री त्याची मुलगी, अकरा वर्षांची. आई तेजस्विनीबरोबर ती पिंपरीला मामाच्या घरी राहायची आणि एकाआड एक रविवारी दहा ते सहा बापाकडे यायची. कोर्टाच्या कागदावर तसं ठरलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: मुलीची इच्छा असेल तोपर्यंत. ती ओळ सुजितला पाढ्यासारखी पाठ होती.

"पप्पा, मला ड्रॉइंगचा क्लास लावलाय. रविवारचा असतो," मैत्री म्हणाली. "या रविवारी येते मी. पण नंतर महिन्यातून एकदा आले तर चालेल का?"

"क्लासची वेळ बदलून घेऊ की. मी बोलतो सरांशी."

"तसं नाही. तिकडे करायला काही नसतं, पप्पा. तुम्ही सारखं काहीतरी पिळत असता, नाहीतर ठोकत असता. मी नुसती बसते."

"बरं, बघू," सुजित म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन न गळणारा नळ त्याने इतका आवळला की तो गळायला लागला.

महिन्यातून एकदा म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. आज क्लास, उद्या परीक्षा, परवा मैत्रिणीचा वाढदिवस, आणि एक दिवस त्या कागदावरची खालची ओळ. त्याला भीती वाटली. कंपनीत शंभर टनी प्रेसखाली हात घालताना वाटली नव्हती अशी भीती. पोरगी यायची बंद होऊ नये, एवढी एकच गोष्ट त्याला या जगाकडून हवी होती. त्यासाठी काय करावं हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला विचारलं नव्हतं.

मग त्याला ससे आठवले. मागच्या खेपेला तिला सोडायला जाताना पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानासमोर मैत्री थांबली होती. पिंजऱ्यात ससे होते. पाच मिनिटं ती हलली नव्हती, शेवटी त्यानेच "मम्मी वाट बघत असेल" म्हणून तिला ओढलं होतं. बस्स. ससे आणायचे. ससे असले की त्यांना बघायला तरी ती येईल. आणि सशांना घर कुठे शोधायचं? घर तर गच्चीवर तयारच होतं.

ते खेळघर त्याने मैत्री पाच वर्षांची असताना बांधलं होतं. कंपनीत परदेशातून एक मशीन आलं होतं, त्याच्या पाइनवुडच्या पेट्या साहेबांना सांगून त्याने घरी आणल्या. पाच फूट लांब, चार फूट रुंद, वर उतरतं छप्पर, निळ्या झडपांची एक खिडकी. मोठ्या माणसाला गुडघ्यांवर रांगतच आत जाता येई. सुजितची कंपनी चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करते, तेव्हा दाराला दोन रिजेक्ट बिजागऱ्या लावलेल्या, आणि दार असं फिरे की लावलं तरी आवाज येत नसे. त्या दारावर मैत्रीने पहिलीत असताना ऑइलपेंटने लिहिलं होतं: मैत्रीचं घर. विचारून आत या.

अलीकडे मात्र ती तिथे खेळत नव्हती. सुजितने नीट बघितलं होतं. आली की ती आधी गच्चीवर जाई, खेळघराचं दार उघडी, वाकून आत बघे, दार लावी आणि खाली येई. दर वेळी तेवढंच. मोठी झाली पोरगी, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. चाकणकडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारीच, आणि शाळेची रविवारी. लग्नाची बारा वर्षं सुजितच्या घरात सगळ्यांना एकत्र सुट्टी अशी क्वचितच मिळाली. आताही मैत्री येणार असली की तो त्या रविवारची ड्युटी मेंटेनन्समधल्याच रोहिदासला देई आणि सुट्टीच्या दिवशी मशीन तपासायची त्याची एखादी गुरुवारची पाळी आपण करी. हा गुरुवार मात्र सुजितला मोकळा होता. सकाळी सहालाच त्याने गच्चीवर टेप, पेन्सिल, करवत आणि ड्रिल मांडलं.

शेजारच्या गच्चीवर कुसुमताई शेवया वाळत घालत होत्या. ही सगळी गल्ली एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं ज्वारीचं रान होती. रान गेलं, पण रानावर देखरेख करायची त्यांची सवय काही गेली नाही.

"आरं सुजित, कोंबडं बी आजून वरडलं न्हाई. कुनाचं लगीन हाय?"

"ससे आणतोय ताई. मैत्रीसाठी. हे घर त्यांना करतो."

"पोरीला इचारलंस का?"

"विचारून कसं चालेल? सरप्राइज आहे."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," ताई म्हणाल्या आणि शेवया पसरू लागल्या.

आतलं सामान आधी काढायला हवं होतं. इथे सुजितच्या कंपनीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे त्याच्याकडे मेंटेनन्सबरोबर सगळ्या शॉपच्या टापटिपीचंही काम होतं. लागणारं ठेवायचं, न लागणारं काढायचं, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. त्यासाठी लाल टॅग असतात, दोरी ओवलेले, पोस्टकार्डाएवढे. ज्या वस्तूला सहा महिने हात लागलेला नाही, तिला लाल टॅग बांधायचा. टॅगवर छापलेलं असतं: वस्तू, कोणाची, निर्णय, पुढील तपासणी. टॅग बांधल्यावर आठवडाभर थांबायचं. कुणी येऊन म्हणालं, ही माझी, मला लागते, की टॅग काढायचा. कुणीच आलं नाही तर वस्तू भंगारात. या कामात सुजितचा हात कुणी धरणार नव्हतं. त्याच्या खिशात टॅगचं पुडकं कायम असे, आणि धूळ बघितली की त्याला सुरसुरी येई.

खेळघरात धूळ होतीच. तो रांगत आत गेला. कोपऱ्यात भातुकलीची शेगडी, एक कान तुटलेला कप, तेजस्विनीच्या जुन्या ओढणीचा पडदा. मधोमध खोक्यावर रुमाल अंथरलेला आणि त्यावर स्टीलची तीन इवलीशी ताटं. त्यांवरही धूळ. सुजितने ताटावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मान हलवली. दीड वर्ष कुणाचा हात लागलेला नाही. त्याने सगळं एका पोत्यात भरलं. टॅग बांधला नाही, आठवडा थांबला नाही. घरात कसला आलाय टॅग? आणि रविवारला तीनच दिवस उरले होते.

मग तो कामाला लागला, आणि काम करावं तर त्यानेच. छपराखाली उन्हाचा ताव साचतो म्हणून त्याने घर ढकलत कठड्याच्या सावलीत नेलं. मांजर-मुंगूस येऊ नये म्हणून विटांवर दीड फूट उंच केलं. दोन बाजूंच्या फळ्या कापून तिथे बारीक जाळी मारली, वारा खेळायला. छपराखाली थर्माकोल, वर ओलं गोणपाट. फळीचा तळ काढून जाळीचा केला, खाली सरकणारा ट्रे, म्हणजे घाण आपोआप खाली.

"आरं, ती जाळी पायाला कापंल त्येंच्या," कुसुमताई पुन्हा कठड्याशी आल्या. "मुकं जनावर हाय. तुज्या कंपनीतलं मशीन न्हाई." आणि आतून एक जुना, गुळगुळीत झालेला पाट आणून त्यांनी त्याच्या हातात दिला. सुजितने तो निम्म्या तळावर बसवला. बाईचं बरोबर होतं.

शेवटी दार राहिलं. ससे लाकूड कुरतडतात, रंग पोटात जायला नको. म्हणून त्याने पॉलिश पेपर घेतला आणि दार घासायला सुरुवात केली. मैत्रीचं घर, हे शब्द आधी गेले. विचारून आत या, हे जरा जाड रंगात होतं, त्याला वेळ लागला. संध्याकाळपर्यंत दार नव्या लाकडासारखं पांढरं झालं आणि सुजितला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

शुक्रवारी पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून उतरला, तर गल्लीत भंगारवाला हातगाडी घेऊन ओरडत होता. सुजितने धावत जाऊन घरातलं पोतं आणलं आणि गाडीवर टाकलं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत रोहिदासला सगळा पराक्रम सांगितला, मोबाइलवर फोटो दाखवले.

"एक नंबर, भावा," रोहिदास म्हणाला. "आणि आतलं सामान?"

"काढलं. दीड वर्षाची धूळ होती."

"टॅग लावला होता का?" रोहिदास हसत म्हणाला. "नाहीतर ऑडिटला आम्हाला शिव्या घालतोस, स्टेप गाळली म्हणून."

सुजितही हसला. पण डबा बंद करताना त्याला उगाचच काहीतरी टोचल्यासारखं झालं. संध्याकाळी पिंपरी कॅम्पातून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन ससे घेऊन आला, एक तपकिरी, एक पांढरा. येताना लसूणघासाची पेंढी आणली. रात्री उठून दोनदा बघून आला. ससे झोपले होते. तोच जागा होता.

रविवारी दहाच्या जागी साडेनऊलाच तो पिंपरीला मामाच्या इमारतीखाली मोटरसायकल लावून उभा राहिला. तिथे उभ्या उभ्या त्याने गाडीचे दोन्ही आरसे सरळ केले, मग पुन्हा वाकडे केले. मैत्री खाली आली. उंच झाली होती, दोन आठवड्यांत सुद्धा उंच झाल्यासारखी वाटली. वाटेत तो बोलत राहिला, रस्त्याच्या कामाविषयी, कुसुमताईंच्या शेवयांविषयी. ती "हं" म्हणत होती.

"गच्चीवर चल," घरी आल्या आल्या तो म्हणाला. "डोळे मीट."

"पप्पा, मी लहान आहे का?"

पण मिटले. जिन्यावर त्याने तिचा हात धरला. आणि डोळे उघडल्यावर, खोटं कशाला सांगा, पहिलं अर्धं मिनिट सगळं त्याच्या मनासारखं झालं. "ससे!" ती किंचाळली आणि गुडघ्यांवर बसली. तपकिरी ससा जाळीशी आला, तिने बोट लावलं, त्याने ते हुंगलं. सुजितने दार उघडून ससा तिच्या मांडीवर दिला.

"केवढं धडधडतंय त्याचं," ती हळू आवाजात म्हणाली. आणि त्याला परत ठेवायला म्हणून तिने आत वाकून बघितलं. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली.

"आतलं कुठंय?"

"आतलं काय?"

"माझं सामान."

"अगं ते जुनं झालं होतं. धूळ बसलेली. तू खेळतच नव्हतीस ना, मी बघत होतो की. दार उघडायचीस आणि लावायचीस. परवा भंगारवाल्याला देऊन टाकलं."

"ताटं पण?"

"सगळंच."

मैत्रीने दार लावलं. दारावरून, जिथे अक्षरं होती तिथून, तिने हात फिरवला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

तेजस्विनी गेली त्या दिवशी तीही एवढंच म्हणाली होती. तेजस्विनीच्या आईचं एक शिलाई मशीन होतं. पलंगाखाली नुसतं पडलंय, कुणी वापरत नाही म्हणून सुजितने ते कंपनीतल्या एकाला देऊन टाकलं होतं आणि मग सांगितलं होतं. भांडण त्यावरून सुरू झालं, पण ते मशीनचं नव्हतं. "तू विचारत नाहीस. कधीच विचारत नाहीस," असं ती तासभर सांगत होती आणि तो तासभर सांगत होता की मशीन गंजलेलं होतं. शेवटी ती "ठीक आहे" म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

"मैत्री, तुला नवीन आणतो. मोठा सेट. आत्ता जाऊ."

"नवीन नको." ती रडत नव्हती, आणि हेच वाईट होतं. सशाकडे बघत बोलत होती. "मम्मी आणि तुम्ही भांडलात ना, त्या दिवशी मी वर खेळत होते. तीन ताटं वाढली होती. मुरमुऱ्यांचा भात केला होता. तुम्हा दोघांना जेवायला बोलवायला खाली आले, तर मम्मीने माझा हात धरला आणि आम्ही गेलो."

सुजितचा हात दाराच्या कडीकडे गेला आणि तसाच मागे आला.

"मुरमुरे मुंग्यांनी नेले. पण ताटं तशीच होती. मी दर वेळी तेच बघायला जायचे, तशीच आहेत ना म्हणून. खेळायला नाही जायचे मी."

उन्हं वर आली होती आणि गोणपाट वाळायला लागलं होतं. सुजितला आठवलं, रुमालाच्या मधोमध, सारख्या अंतरावर मांडलेली तीन ताटं. कंपनीत पाना एक इंच सरकला तर त्याला कळतं. इथे त्याला फक्त धूळ दिसली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पोरीकडे बघवेना. आणि मग नेहमीचंच झालं. लाज सोसत बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो उठला.

"चल. शोधू."

कठड्यापलीकडून कुसुमताईंनी सगळं ऐकलं होतं. "बैल गेला न् झोपा केला," त्या पुटपुटल्या. पण मग म्हणाल्या, "जा बाबांनो. सशांकडं मी बगते."

हातगाडीवाल्याचा नंबर कुसुमताईंकडेच होता. त्याला फोन केला, त्याने सांगितलं, माल खंडूशेठच्या वखारीत टाकतो, चिखलीच्या रस्त्याला. वखार म्हणजे पत्र्याचं आवार. आत ढीग लागलेले होते. प्लॅस्टिक एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, लोखंड एकीकडे, स्टील एकीकडे. प्रत्येक वस्तू तिच्या जागेवर. एरवी आला असता तर सुजितने या आवाराला शंभरपैकी शंभर मार्क दिले असते. आज आधी कुठल्या ढिगाला हात घालावा हेच त्याला कळेना. शेगडी कुठल्या ढिगात, कप कुठल्या, ओढणी कुठल्या. एका घरातलं सामान इथे येऊन वेगवेगळं झालं होतं.

"पोरांची ताटं?" खंडूशेठ हसला. "एवढ्या स्टीलमध्ये कुठं शोधता, राव? शुक्रवारचा माल ना? निम्मा काल गाडीत गेला."

सुजितने ऐकलंच नाही. बाह्या सरसावून तो स्टीलच्या ढिगात घुसला. डबे, झाकणं, चेपलेली पातेली इकडून तिकडे फेकू लागला. तळहाताला पत्रा लागला, रक्त आलं, ते त्याने पँटला पुसलं. मैत्री दाराशी उभी होती. तिथे एक बाई पोत्यावर बसून वायरींचं प्लॅस्टिक सोलत होती. कस्तुरा तिचं नाव. बराच वेळ ती बापलेकींकडे आळीपाळीने बघत होती.

"काय हुडकायलाव तुमी?" तिने मैत्रीला विचारलं.

"तीन छोटी ताटं. स्टीलची. माझी होती."

बाईचे हात थांबले. तिने शेजारची कापडी पिशवी ओढली, आत चाचपलं आणि दोन ताटं काढून मैत्रीपुढे धरली. घासून लख्ख केलेली होती.

"मीच काढून ठिवली होती बाई. नातीसाठी. असली चीज ढिगात टाकू वाटंना."

मैत्रीने ताटं घेतली. सुजित धावत आला. "आणि तिसरं?"

"तिसरं घरी हाय. काल नेलं. पोरगी त्याच्यातच जेवायली, दुसऱ्या ताटात घातलं की रडतीय." कस्तुरा ओशाळली होती. "सांजच्याला आणून देते."

"घर कुठंय तुमचं?" सुजितने गाडीची किल्ली काढलीसुद्धा. "मी आत्ता जाऊन घेऊन येतो. तिला दुसरं मोठं ताट देतो, चांगलं..."

"पप्पा."

तो थांबला.

मैत्री कस्तुराकडे वळली. "ती किती वर्षांची आहे?"

"चार सरून पाचवं लागलं."

"त्याच्यात खरंच जेवते?"

"खरंच की. एवढा एवढा भात घालते मी."

मैत्रीने हातातल्या दोन ताटांकडे बघितलं. विचार करायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सुजित किल्ली मुठीत दाबून उभा राहिला. त्याच्या जिभेवर चार उपाय आले. ते त्याने गिळले.

"राहू दे तिच्याकडे," मैत्री म्हणाली.

"अगं, पण तीन..."

"राहू दे म्हटलं ना, पप्पा."

परत येताना गाडीवर ती मागे बसली होती आणि दोन ताटं त्या दोघांच्या मध्ये होती. त्यांची कड सुजितच्या पाठीला लागत होती. मोशीच्या चौकात सिग्नलला तो म्हणाला, "चुकलं माझं." मग त्याला वाटलं, हॉर्नमध्ये ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. शेजारच्या टेम्पोवाल्याने चमकून बघितलं.

"पहिल्या वेळीच ऐकलं होतं मी," मैत्री म्हणाली. "विचारायला हवं होतं तुम्ही. मी नाही म्हटलं नसतं. सशांना घर द्यायला मी कशाला नाही म्हणेन? मीच उचललं असतं सगळं."

दुपारी कुसुमताईंनी पिठलं-भाकरी पाठवली. जेवण झाल्यावर मैत्री गच्चीवर गेली. सुजितही मागोमाग निघाला, पण तिसऱ्या पायरीवर थबकला.

"मी येऊ का वर?"

वरून आलं, "या. पण काही करू नका."

ही शिक्षा त्याच्यासाठी उपासापेक्षा कडक होती. तो कठड्याला टेकून बसला. मैत्रीने दोन ताटं पाटावर शेजारी शेजारी ठेवली. एकात लसूणघास तोडून घातला, एकात गाजराचे तुकडे. पांढरा ससा एका ताटाशी आला, तपकिरी दुसऱ्या. जरा वेळाने दोघं एकाच ताटात तोंड घालून बसले आणि दुसरं तसंच राहिलं. मैत्री हसली. दाराची कडी किंचित वाकडी बसत होती, ते सुजितला इथून दिसत होतं. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तुमच्याकडे ते लाल टॅग आहेत?" तिने विचारलं. लहानपणी ती त्यांच्यावर चित्रं काढायची. सुजितने खिशातून पुडकं आणि पेन दिलं. ती पाठमोरी होऊन काहीतरी लिहीत बसली.

"काय लिहितेस?"

"मी गेल्यावर बघा."

सहा वाजता त्याने तिला पिंपरीला सोडलं. इमारतीखाली तेजस्विनी उभी होती. तिने सुजितच्या हाताला बांधलेला रुमाल बघितला. मैत्री जिना चढून गेली. पुढच्या वेळी कधी, हे सुजितच्या अगदी ओठांवर आलं होतं. दिवसभरात ते वीस वेळा आलं होतं. पण मैत्री आपण होऊन काही बोलली नाही, आणि त्याने विचारलं नाही. जन्मात एकदा विचारायची गरज होती तिथे त्याची जीभ उचलली नाही, कारण उत्तर काय येईल याचं त्याला भय वाटत होतं.

घरी येऊन तो चप्पल न काढताच गच्चीवर गेला. अजून उजेड होता. दाराच्या कडीला लाल टॅग बांधलेला होता, दोरीला दोन गाठी मारून. त्याने वाकून वाचला.

वस्तू: घर. आत गूळ (तपकिरी) आणि खोबरं (पांढरा).

कोणाची: मैत्री.

निर्णय: मला विचारल्याशिवाय काही हलवायचं नाही.

पुढील तपासणी, या शब्दांपुढे तिने आधी एक तारीख लिहिली होती. ती बरोबर चार आठवड्यांनंतरच्या रविवारची होती. तिच्यावर काट मारलेली होती, आणि शेजारी, जागा कमी पडल्यामुळे बारीक अक्षरात, दुसरी तारीख होती. सुजितने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. चौदा दिवस.

त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते भरू दिले. गूळ जाळीशी येऊन त्याला हुंगून गेला. कडी खरंच वाकडी होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पेचकस खिशातच होता, त्याने तो काढलाही. मग टॅगवरची तिसरी ओळ पुन्हा वाचली, पेचकस खिशात घातला आणि फोन काढला.

"मैत्री," तो म्हणाला, "दाराची कडी जरा वाकडी बसलीय. सरळ करू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "मी आल्यावर आपण करू."